झापड लावल्यावर विमान कोण उडवत होतं?

अहो,

शुक्रवारी माझी इन्स्ट्रुमेंटची परीक्षा आहे. परीक्षक विमानात माझ्या शेजारी, तुमच्या जागेवर बसणार. माझ्या डोळ्यांवर झापड लावणार आणि सांगणार, चला बाई, बाहेर अजिबात न बघता नुसत्या मीटरवर विमान उडवून दाखवा. त्याच्या आधी मला तुमच्याशी एकदाचं भांडून घ्यायचं आहे. म्हणून हे पत्र.

तसं गणपतीपासून मी तुमच्याशी बोलत नाहीये, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. फोटोला हार घालते, उदबत्ती लावते, पण बोलत नाही. पितृपक्षात आईंनी तुमच्या पानात सुकट वाढायला सांगितली, तर मी मुद्दाम विसरले. गेलेल्या नवऱ्याशी अबोला धरणारी बाई अख्ख्या भिवंडी तालुक्यात मी एकटीच असेन! पण तुम्ही कामच तसं केलं होतं. म्हणजे, मला तसं वाटलं होतं. थांबा, नीट सांगते. मध्ये बोलू नका. आता बोलताही येणार नाही तुम्हाला, ते एक बरं झालं.

मी संशयी आहे हे काही लपून नव्हतं. बाजारात कोलंबी घ्यायची तर मी टोपलीत खालपर्यंत हात घालून बघायचे. गोदामातला भाडेकरू "भाभी, सिर्फ कपडा है" बोलला तरी मी एखादा गठ्ठा सोडायला लावायचे. तुम्ही हसायचे. "आमची फौजदारीण आली," असं हमालांसमोर बोलायचे. हसा खुशाल! त्या कपड्याच्या गठ्ठ्यात एकदा फटाके निघाले, तेव्हा नव्हता हसलात.

आणि विमानाचं तरी मला सुरुवातीला कुठे खरं वाटलं होतं? भातशेती गेली, गोदामं आली, भाडं सुरू झालं. आपल्या सगळ्या भावकीने काय केलं? बंगल्याच्या गेटवर सिंह बसवले, हळदीला डीजे लावले, मोठ्या मोठ्या गाड्या घेतल्या. तुम्ही एकटेच दर शनिवारी सकाळी कसारा घाट चढून जायला लागलात. विचारलं तर बोललात, "विमान शिकतोय." हो का! चाळिशीतला आगरी माणूस, खारबावला जन्मलेला, आणि म्हणे विमान शिकतोय. मला वाटलं, घाटावर कोणीतरी आहे.

म्हणून तर मी त्या शनिवारी माझ्या भावाला घेऊन तुमच्या मागे आले. आणि काय बघते? तुम्ही घामाघूम होऊन एक छोटंसं विमान हाताने ढकलत शेडच्या बाहेर आणताय! मग खिशातून जुनं बनियन काढलंत आणि त्याची काच पुसायला लागलात. आपल्या घरातली एक काच कधी पुसली होतीत का हो? मी झाडाआडून बाहेर आले तेव्हा तुम्ही जरासुद्धा दचकला नाहीत. "आलीस? बसतेस का?" एवढंच विचारलंत. मी बसले, आणि पुढच्या वर्षी मीही लायसन काढलं. तुम्ही वर एकटे काय करता ते कळायला नको?

खाजगी लायसन म्हणजे काय, ते मी आईंना किती वेळा समजावलं असेल. बाहेर स्वच्छ दिसत असेल तरच उडायचं. ढगात शिरायचं नाही, धुक्यात शिरायचं नाही. डोळ्याने क्षितिज दिसतं तोवर आपण वैमानिक, ते दिसेनासं झालं की आपण कोणी नाही. आई बोलायच्या, "म्हंजी पावसाल्यान सुट्टी." अगदी बरोबर.

पण तुम्हाला कोकणात उतरायचं होतं ना! डोंगर ओलांडायचे, समुद्र बघायचा. आणि डोंगरावर त्या दिवशी ढग दाटले. सकाळी एवढीशी पांढरी पट्टी होती, बघता बघता पुढे, मागे, खाली सगळीकडे कापूस. तुम्ही वळवायला घेतलंत. मला आठवतंय, माझ्या अंगाला वाटत होतं की आपण सरळ बसलोय, एकदम खुर्चीत बसल्यासारखे. आणि मीटरमधलं ते छोटंसं क्षितिज पार तिरपं झालं होतं. तुम्ही बोललात, "मीटर बिघडला." मी ओरडले, "बिघडला असेल तर दुसरा बघा! दोन्ही तेच सांगतायत. आपलं अंग खोटं बोलतंय!" तुम्ही माझं ऐकलंत. थोड्या वेळाने ऊन दिसलं. खाली उतरलो तेव्हा तुमच्या शर्टाची पाठ भिजली होती.

त्याच आठवड्यात तुम्ही बोललात, "आता ढगातलं शिकायला पाहिजे. तू शिक."

मी का? मी लगेच विचारलं. विमानाचं वेड तुम्हाला, शनिवारची वाट बघायचे तुम्ही, मग ढगात उडायचं लायसन, ते इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मी का काढायचं? तुम्ही बोललात, "तुझा स्वभावच त्यातला आहे. कानावर विश्वास नाही, पाठीवर नाही, एका मीटरवर नाही. दहा ठिकाणी चौकशी केल्याशिवाय तू मानत नाहीस. ढगात असलंच माणूस वाचतं." ऐकायला गोड वाटलं. पण मनात पाल चुकचुकली होती, आत्ता सांगते. तुम्ही स्वतःची जागा सहजासहजी सोडणारे नव्हेत. हळदीच्या मांडवात पहिली खुर्ची नाही मिळाली तर रुसणारे तुम्ही, विमानाची डावी सीट मला देऊन उजवीकडे जाऊन बसलात? नक्की काहीतरी पाणी मुरत होतं.

पण मी शिकले. या वयात पेपर दिले. कानाची तपासणी केली. आणि मग ती झापड! टोपीला लावायची आणि मान वर केली तरी काच दिसत नाही, फक्त समोरचे मीटर दिसतात. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आपल्यापुरता ढग. नियम असा की शेजारी दुसरा वैमानिक बसलेला पाहिजे. तो बाहेर बघणार, दुसरं विमान येत नाही ना, डोंगर येत नाही ना, आणि काही बिघडलं तर विमान सांभाळणार. घाटावरच्या फ्लाइंग क्लबच्या मॅडमबरोबरचे धडे झाले की उरलेला सगळा सराव मी तुमच्याबरोबर केला.

तुम्ही शेजारी असलात की विमान कसं जायचं हो! सांगितलेली दिशा सोडायचं नाही. मी झापडीखालून विचारायचे, "काय?" आणि तुम्ही बोलायचे, "रेषेत आहेस कुंदा. पट्टीने आखल्यासारखी." मला काय आनंद व्हायचा! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काही बोललं आणि मी उलटतपासणी न करता खरं मानलं. ते एक वाक्य मी तपासलं नाही.

परत घाट उतरून येताना गाडी मीच चालवायचे, माणकोलीपर्यंत ट्रकच्या रांगेत क्लच दाबून दाबून माझी डावी पोटरी भरून यायची. घरी आल्यावर तुम्ही बाम घेऊन बसायचे आणि चोळून द्यायचे. "क्लच बदलून घे त्या गाडीचा," म्हणायचे. मी बदललाही. पोटरी दुखायची ती दुखतच राहिली. मग मी गॅरेजवाल्यावर संशय घेतला, ते तुम्हाला आठवत असेल.

आणि मग तुम्ही गेलात. गोदामाच्या ऑफिसात खुर्चीवर, समोर चहा. भाडेकरू बोलत होता, त्याला वाटलं तुम्ही ऐकताय. छातीत दुखलं नाही, हात दुखला नाही, हूं की चूं नाही. असं कुठे असतं? मी दवाखान्यात केवढी भांडले. डॉक्टर बोलले, "ताई, जुनी शुगर असली की काही वेळा दुखतच नाही." मला पटलं नाही. काहीतरी लपवतायत असं वाटलं. डॉक्टर लपवत नव्हते, पण लपवलेलं काहीतरी होतं, हे खरं निघालं.

पावसाळा सरत आल्यावर मी पुन्हा घाट चढले. घरात बसून तुमच्या खुर्चीकडे बघत राहण्यापेक्षा ते बरं. शिवाय रेटिंग अर्धवट टाकलं असतं तर तुम्हीच वरून टोमणे मारले असते. शेजारी आता क्लबात नव्याने आलेल्या रीमा मॅडम. पोरगी डेहराडूनकडची, आपल्या पुतणीच्या वयाची, पण हवेत गेली की सासूसारखी बोलते. मी झापड लावली, दिशा धरली आणि आरामात बसले.

"मॅम, हेडिंग! लेफ्ट जा रहे हो."

मी सरळ केलं. जरा वेळाने परत, "लेफ्ट, मॅम." परत सरळ केलं. परत लेफ्ट. वर चढताना लेफ्ट, खाली उतरताना लेफ्ट, सरळ जातानाही लेफ्ट. जणू विमानाला त्या बाजूला माहेर होतं! मी घामाघूम झाले. इतकी वर्षं पट्टीने आखल्यासारखी जाणारी बाई, आणि आता ही गत?

पहिला संशय अर्थात विमानावर. मी तपासून घ्यायला लावलं. काही निघालं नाही. त्याच विमानात रीमा मॅडम एकट्या गेल्या आणि सरळ जाऊन सरळ आल्या. दुसरा संशय रीमा मॅडमवर. म्हटलं, जास्त धडे घ्यायला लावायचे म्हणून ही बया गुपचूप पाय लावत असेल. तुम्हाला माहीतच आहे, पायाखाली दोन पेडल असतात; डावं दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. आणि दोन्ही सीटची पेडलं एकमेकांना जोडलेली. तिने तिकडचं दाबलं की माझ्याकडचं आपोआप जाणार. मी काय केलं, झापडीच्या फटीतून हळूच खाली बघितलं. तिचे पांढरे बूट पेडलपासून चांगले लांब, जमिनीवर टेकलेले. आणि दिशेचा काटा चालला होता डावीकडे!

"मॅम, पीकिंग नहीं," ती बोलली. पकडली मला.

मग घाट उतरताना तिसरा संशय आला. नको होता यायला. मी गाडी कडेला घेतली. रीमा मॅडम पाय लावून विमान बिघडवू शकतात, तर तुम्ही पाय लावून ते सुधारू शकत नव्हतात? माझ्या डोळ्यांवर झापड. तुमचे पाय मला दिसत नव्हते. मी चुकले की तुम्ही हळूच पेडल दाबून विमान रेषेत आणत होतात, आणि वर मलाच सांगत होतात, शाब्बास! बाप पोराला मांडीवर घेतो, स्टिअरिंग त्याच्या हातात देतो आणि पोराला वाटतं आपणच गाडी चालवतोय. तसं करत होतात माझ्याशी?

मग विमान कोण उडवत होतं हो? मी, की तुम्ही?

रागाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. बायको खूश राहावी म्हणून खोटं बोलायचं तर साडीवर बोला, कालवणावर बोला. ढगावर? उद्या खरोखरच्या ढगात मी एकटी शिरले असते आणि तुमचा पाय नसता तर? मी तर मेलेच असते, मागे कोणी बसलं असतं तर तेही. इतका मोठा खोटेपणा फक्त प्रेमाने करतात, हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. त्या दिवसापासून मी तुमच्याशी अबोला धरला. परीक्षेतून नाव काढून घ्यायचं, टोपी रीमा मॅडमना देऊन टाकायची, पुन्हा घाट चढायचा नाही, एवढंही ठरवून झालं होतं. जी गोष्ट आपल्याला कधी येतच नव्हती, तिची परीक्षा काय द्यायची?

मागच्या मंगळवारी आईंना वज्रेश्वरीला घेऊन गेले. दर्शन झालं, मग नेहमीसारखं कुंडावर. मी त्या तापलेल्या कुंडात नुसतं बोट बुडवलं आणि "अगो बाय!" करून मागे घेतलं. आई हसल्या. मग पाण्याकडे बघत बोलल्या, "माजा बाला यान पाय टाकून बसायचा."

"कोण, हे?"

"तं काय! उजवा पाय. मी बोल्ली, आरं भाजशील. तं बोल्ला, आये, मना काय न्हाय लागत. घरा येऊन बघतंय तं पायाला हे मोठे फोड." आईंनी मूठ दाखवली. "मना बोल्ला, कुंदाला सांगू नको, ती चौकशी लावंल."

मी तिथेच पायरीवर बसले.

तुमच्या चपला! चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तुम्ही तसेच पुढे जायचे. मी मागून ओरडायचे, "अहो, चप्पल!" तुम्ही चप्पलवाल्याला शिव्या द्यायचे आणि मी त्याच्या दुकानात जाऊन भांडायचे. मग तुम्ही एकदम पट्ट्याचे बूट घ्यायला लागलात. आणि त्याच्या आधी ते लँडिंग, विमान उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला गवतात गेलं होतं ते. विमानाचा ब्रेकही त्या पेडलांवरच असतो, पायाखाली. तुम्ही बोललात टायर, मी क्लबच्या लोकांना टायरवरून किती सुनावलं! टायर चांगला होता. त्याच्यानंतरच तुम्ही डावी सीट सोडलीत. त्याच्यानंतरच घाटात गाडी माझ्या हातात दिलीत, "मला झोप येते" म्हणून. तुमच्या उजव्या पायात जीवच नव्हता. शुगरने तो कधीचा बधिर केला होता.

सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी, फौजदारीण, चप्पलवाल्याशी भांडत बसले!

पण मग आईंच्या शेजारी बसल्या बसल्याच दुसरी गोष्ट डोक्यात आली. ज्या पायाला उकळतं पाणी कळत नाही, तो पाय मी चुकल्यावर अलगद पेडल दाबून विमान रेषेत कसा आणेल? त्याला पेडलच कळणार नाही. तो नुसता पडून राहील. दगडासारखा, उजव्या पेडलवर.

आई विचारत होत्या, "पोरी, रडतस कनाला?"

गुरुवारी मी रीमा मॅडमना सांगितलं, आज एक प्रयोग करायचा. मी झापड लावते. तुम्ही तुमचा उजवा पाय पेडलवर ठेवा. दाबू नका, उचलू नका, पाय आहे हे विसरून जा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "क्यूं मॅम?" मी बोलले, "बाद में बताती हूं."

वर गेलो. झापड लावली. त्यांनी पाय ठेवला, मला कळला. उजवं पेडल आत जायला लागलं आणि माझा डावा पाय, मी त्याला काही सांगितलं नव्हतं हो, माझा डावा पाय आपणहून पुढे गेला आणि त्याने समोरून दाबून धरलं. जुनी ओळख असल्यासारखं. काटा हलला नाही. वळवलं, पुन्हा दिशा धरली, काटा हलला नाही. चढले, उतरले. पट्टीने आखल्यासारखं.

"परफेक्ट, मॅम," रीमा मॅडम बोलल्या. "ये क्या है?"

झापडीखाली डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मीटर दिसत नव्हते. त्यांनीच विमान धरलं.

तुम्ही मला सांभाळत नव्हतात. तुम्ही माझ्या विरुद्ध दाबत होतात, बिचारे, स्वतःला पत्ता नसताना! आणि मी ते सगळं ओझं समोरून पेलत विमान सरळ नेत होते, मलाही पत्ता नसताना. बाहेरचं दिसत असलं की डोळे सावरून घ्यायचे, झापड लावली की सगळं त्या एका पोटरीवर यायचं. ती क्लचने दुखत नव्हती. तुम्ही बाम लावून चोळायचे ते दुखणं तुमचंच होतं. आणि आता समोर पाय नाही, म्हणून माझं विमान डावीकडे जातंय. तिथे जोर लावायला कोणी उरलेलं नाही, एवढंच झालंय.

मला आनंद झाला का? झाला. मीच उडवत होते! नुसती उडवत नव्हते, तुम्हाला घेऊन उडवत होते.

पण अहो, राग पण आला. तो पहिल्यापेक्षा मोठा आहे, तो असा जाणार नाही. माझ्या डोळ्यांवर झापड आणि तुमच्या पायात जीव नाही. मग त्या विमानाला बघत कोण होतं? मी गडबडले असते आणि "तुम्ही सांभाळा" बोलले असते तर तुम्ही काय सांभाळणार होतात? शुगरची गोळी घेतो हे तुम्ही लायसनच्या तपासणीत सांगितलंत, पायाचं नाही सांगितलंत. सांगितलं असतं तर वर बसायला मिळालं नसतं, हो ना? म्हणून आईंनाही गप्प केलंत. आणि पायाचं वेळेवर कळलं असतं, नीट उपचार झाले असते, तर त्या दिवशी खुर्चीत छातीचं तरी काही कळलं असतं का, हे मी आता कोणाला विचारू? डॉक्टरना विचारलं. ते बोलले, "सांगता येत नाही, ताई." हे उत्तर मला जन्मभर पुरणार आहे.

मला सांगायचं होतंत. मी ओरडले असते, चौकशी लावली असती, तुम्हाला ओढत दवाखान्यात नेलं असतं, शनिवारी विमानात बसू दिलं नसतं. म्हणूनच नाही सांगितलंत. कळतं मला. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, फक्त "रेषेत आहेस कुंदा" म्हणणाऱ्या माणसाच्या पायाकडे एकदा वाकून बघितलं नाही.

मग रीमा मॅडमनी त्यांचा पाय काढला. मला बोलल्या, "अब आप भी दोनों पैर हटाइए. फ्लोर पे." मला भीती वाटली. हटवले. आणि विमान सरळच गेलं. कोणीच दाबत नव्हतं, तरी सरळ. ते तसंच असतं म्हणे, आपण सोडलं की ते आपलं आपण सरळ जातं. मी खूप वेळ तशीच मीटरकडे बघत होते. विश्वास बसेना.

आता एक गोष्ट सांगते, ती रीमा मॅडम आणि माझ्यातच आहे. परत फिरलो तेव्हा मी झापड काढली होती. ऊन पडलं होतं, खाली धरणाचं पाणी चमकत होतं, शिकायचं काही उरलं नव्हतं. मी हळूच बोलले, "मॅडम, वो पैर... थोडी देर और रखोगे?"

त्यांनी पाय ठेवला.

मी डाव्या पायाने दाबून धरलं. धावपट्टी दिसेपर्यंत तशीच आले. पोटरी भरून आली. मग मीच बोलले, "अब उठा लो."

तर आता वचन देते. पायाला साध्या मुंग्या आल्या तरी आधी डॉक्टरला सांगेन, मग तुमच्या फोटोला. सुकट उद्याच करते. अबोला संपला, भांडण चालू राहील. शुक्रवारी परीक्षेला जाईन, झापड लावीन, आणि दोन्ही पाय हलके ठेवीन. डावा पाय सवयीने पुढे गेलाच, तर त्याला समजावीन की बाबा, पलीकडे आता कोणी नाही.

तुमची,
कुंदा